हिवाळा, पाळीव प्राणी आणि आपला दुकानदार

या सदरात आपण नेहमी माणसांच्या दुखण्यांविषयी बोलतो. आज मात्र विषय मुक्या प्राण्यांचा आहे. मी पशुवैद्यक नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही लिहावेसे वाटले, त्याला कारण घडले.

थंडी पडू लागली त्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. नंबर लावून बसले, नंबर आल्यावर आत आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले काही नाही झालं. घरच्या कुत्र्याले ताप आहे. लेकराले देता तीच गोळी अर्धी करून देऊ का?"

मी विचारले, "ताप आहे हे कसे कळले?"

"कान गरम लागतात, नाकही कोरडं आहे."

"रात्री झोपतो कुठे?"

"शेकोटीच्या बाजूले."

रात्रभर विस्तवाजवळ झोपलेल्या कुत्र्याचे कान सकाळी गरम लागणारच. मी गोळी दिली नाही. त्यांना गुरांच्या दवाखान्यात पाठवले. तेथे थर्मामीटर लावले, तेव्हा ताप १०१.६ अंश फॅरनहाइट भरला. म्हणजे कुत्र्याला ताप नव्हताच! कुत्र्याचे तेच नेहमीचे तापमान असते.

वाचकहो, ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. गडचांदूर, राजुरा, कोरपना, जिवती या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. उन्हाची काळजी कशी घ्यायची हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पण डिसेंबर-जानेवारीत त्याच मुलखात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खालीही उतरतो. या थंडीत जनावर शिंकू लागले, लंगडू लागले किंवा मरगळले की मालक पहिल्यांदा पशुवैद्यकाकडे जात नाही. तो जातो मेडिकल स्टोअरमध्ये, कृषी केंद्रात, पक्षी-मासे विकणाऱ्याच्या दुकानात, नाहीतर माझ्यासारख्या माणसांच्या डॉक्टरकडे. म्हणजे पाळीव प्राण्याचा पहिला वैद्य हा काउंटरच्या पलीकडे उभा असलेला दुकानदार असतो. त्याने काय दिले आणि काय नाकारले यावर पुष्कळदा त्या जिवाचे जगणे-मरणे ठरते. म्हणून आजचा पाठ दुकानदारांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी, दोघांसाठीही आहे.

ताप म्हणजे किती?

माणसाचे नेहमीचे तापमान ९८.४ ते ९८.६ अंश फॅरनहाइट धरतात. कुत्र्याचे आणि मांजराचे साधारण १०१ ते १०२.५ असते. म्हणजे आपला हात निरोगी कुत्र्यालाही नेहमी गरमच सांगणार. नाक ओले की कोरडे यावरूनही ताप कळत नाही. झोपून उठलेल्या किंवा विस्तवाजवळ बसलेल्या निरोगी कुत्र्याचे नाक कोरडे असू शकते. ताप मोजायचा तर गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजावा लागतो, आणि ते काम जाणत्या माणसाने करावे. १०३ च्या वर पारा गेला तर पशुवैद्यकाला दाखवावे. उलट ९९ च्या खाली गेला तर जनावर गारठले आहे असे समजून अधिकच घाई करावी. थंडीत लहान पिलांच्या बाबतीत हा दुसरा धोका तापापेक्षा मोठा असतो.

माझ्या हातून झालेली चूक

आता जे सांगतो ते सांगताना मला आजही वाईट वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेजारच्या घरातली एक मुलगी आपले मांजर कापडात गुंडाळून घेऊन आली. मांजर शिंकत होते, डोळ्यांतून पाणी येत होते. दवाखान्यात गर्दी होती. मी हातातले काम न थांबवता म्हणालो, "पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात घालून दे, सकाळ-संध्याकाळ."

दुसऱ्या दिवशी ती रडत आली. मांजराचे तोंड आणि पंजे सुजले होते. हिरड्या नेहमी गुलाबी असतात, त्या तपकिरी-निळसर झाल्या होत्या. श्वास जोरजोरात चालला होता. आम्ही पशुवैद्यकाला बोलावले, पण तो येईपर्यंत खेळ संपला होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "काय दिले होते?" मी सांगितले. तो मला काही बोलला नाही. मला बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

असे का होते ते समजून घेऊ. पॅरासिटामॉल पोटात गेले की आपले यकृत त्याला एका आम्लाशी जोडून निरुपद्रवी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात हे जोडकाम करणारे विकर फार कमी असते. मग औषधाचे रूपांतर विषारी घटकात होते. तो घटक रक्तातील तांबड्या पेशींवर हल्ला करतो, आणि हिमोग्लोबिनचे असे रूप होते की ते प्राणवायू वाहूनच नेऊ शकत नाही. रक्त चॉकलेटी रंगाचे होते. हवा भरपूर असताना जनावर गुदमरते.

मात्रेचा हिशेबही पाहा. साठ किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर दर किलोला साधारण ८ मिलिग्रॅम पडते. तीन किलोच्या मांजराला अर्धी गोळी दिली तर दर किलोला ८३ मिलिग्रॅम पडते, म्हणजे माणसाच्या दहापट! आपण "अर्धी" म्हणतो तेव्हा आपल्याला ती थोडी वाटते. मांजराला तर याहून पुष्कळ कमी मात्राही घातक ठरू शकते. म्हणून मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा नाहीच, असे समजून चालावे. चुकून दिले गेलेच तर रात्र घालवू नये. माणसाला या औषधाची विषबाधा झाल्यावर जो ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आम्ही देतो, तोच मांजरालाही चालतो. पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तर उपयोग.

मेडिकल स्टोअरवाल्या मित्रांना

हिवाळ्यात म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे आखडतात. सकाळी उठताना ते कण्हतात, मागचा पाय ओढतात. मालकाला दया येते आणि तो मेडिकलमध्ये जाऊन दुखण्याची गोळी मागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, काळी शी होते, उलटीतून रक्त येते, आणि मात्रा वाढली तर मूत्रपिंडे निकामी होतात. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत तर तीन-चार औषधे एकत्र असतात. त्यांतले नाक मोकळे करणारे औषध कुत्र्याच्या हृदयाची धडधड धोकादायक इतकी वाढवू शकते. कुत्र्यांसाठी सांधेदुखीची वेगळी औषधे असतात. ती वजन करून, मूत्रपिंड-यकृताचा विचार करून पशुवैद्यक लिहून देतो.

जनावरांना माणसांची औषधे देण्याचा परिणाम किती दूर जातो, याचे उदाहरण आपल्याच जंगलपट्टीत आहे. गाई-बैलांना डायक्लोफेनॅक सर्रास टोचले जाई. ते जनावर मेले की गिधाडे त्याचे मांस खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने संपली, त्यामागे हे औषध होते. सरकारने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पण माणसांच्या वापराच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्या कुप्याही ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. गडचिरोलीच्या जंगलात वनखात्याला गिधाडांसाठी सुरक्षित मांस ठेवण्याच्या जागा कराव्या लागल्या. एका कुपीची ही कथा आहे.

तेव्हा मेडिकल स्टोअरवाल्यांना माझी विनंती अशी. गिऱ्हाईक गोळी मागताना "कोणासाठी?" एवढे एकच वाक्य विचारा. "कुत्र्या-मांजरासाठी" असे उत्तर आले तर गोळी देऊ नका आणि पशुवैद्यकाचा पत्ता द्या. दोन-पाच रुपयांची विक्री बुडेल, पण ते गिऱ्हाईक तुम्हाला विसरणार नाही.

पिले विकणाऱ्यांना

आपल्याकडे कुत्र्यांची पिले पावसाळा सरल्यावर आणि ऐन थंडीत मोठ्या संख्येने जन्मतात. त्याच सुमारास पिलांची विक्रीही चालते. नवजात पिलाला पहिले दोन-तीन आठवडे आपल्या अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर त्याला कुडकुडताही येत नाही. आईच्या आणि भावंडांच्या अंगाची ऊब हीच त्याची शेकोटी. गारठलेल्या पिलाचे आतडे काम करीनासे होते. अशा पिलाला दूध पाजले तर ते पचत नाही, उलट श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी हळूहळू ऊब, मग दूध, हा क्रम कधी उलटा करू नये.

आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये, हा नुसता दयेचा भाग नाही, कायद्याचा आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधी २०१८ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तरीही "लहानपणीच आणलं की लळा लागतो" म्हणून महिन्याचे पिलू बारदान्यात घालून, मोटारसायकलवर, रात्रीच्या गारठ्यात नेताना आपण पाहतो. ते पिलू चार दिवसांत रक्ताची हगवण लागून मरते, आणि मालक म्हणतो, "थंडी बाधली."

थंडी निमित्त असते. मारतो तो पार्व्हो नावाचा विषाणू. १९७८ च्या सुमारास हा रोग जगात प्रथम ओळखला गेला. उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्ताची शी, खाणे-पिणे बंद, आणि दोन-तीन दिवसांत पिलू दगावते. हा विषाणू पिंजऱ्यात, फरशीवर, मातीत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही. त्यासाठी आधी घाण धुऊन काढावी. मग घरगुती हायपोक्लोराइटचा १ भाग आणि पाणी ३० भाग असे द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे, नंतर पिंजरा धुऊन उन्हात वाळवावा. एक पिलू पार्व्होने गेले असेल तर त्याच पिंजऱ्यात दुसरे लस न टोचलेले पिलू ठेवणे म्हणजे त्यालाही मृत्यूच्या दारात ठेवणे होय.

दुसरा रोग डिस्टेंपरचा. डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला, पुढे झटके. सुरुवातीला हा थंडीतल्या सर्दीसारखाच दिसतो, आणि म्हणून हमखास फसवतो. हे दोन्ही रोग माणसाला होत नाहीत. पण डिस्टेंपर जंगलातल्या मांसाहारी प्राण्यांना होतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांत याच विषाणूचा हात आढळला होता. आपण ताडोबाच्या जिल्ह्यात राहतो. गावातल्या कुत्र्याला टोचलेली लस ही वाघाच्याही कामी येते, हे ध्यानात ठेवावे.

या दोन्ही रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. विकणाऱ्याने पिलाबरोबर लसीचे कार्ड द्यावे, त्यावर तारीख आणि पशुवैद्यकाची सही असावी. घेणाऱ्याने कार्ड नसेल तर पिलू घेऊ नये. पिलू दुपारच्या उन्हात न्यावे, खोक्यात जुने स्वेटर घालावे आणि हवेसाठी भोके ठेवावीत. ही चार वाक्ये छापून दुकानात लावली तर दुकानाची प्रतिष्ठाच वाढेल.

आंघोळ, केस आणि जळके ऑइल

चंद्रपूर-नागपूरकडे आता कुत्र्यांना आंघोळ घालून केस विंचरून देणारी दुकाने निघाली आहेत. त्यांच्यासाठी हिवाळ्याचे नियम सोपे आहेत. आंघोळ दुपारी घालावी, पाणी कोमट असावे आणि अंग कातडीपर्यंत कोरडे केल्याशिवाय जनावर बाहेर सोडू नये. वाळवण्याच्या यंत्राची हवा गरम असते. पिंजऱ्यात बंद करून यंत्र चालू ठेवून निघून गेल्यास थंडीच्या दिवसांतही कुत्रा उष्माघाताने मरू शकतो, म्हणून माणूस समोर हवा. थंडीत केस मुळापासून कापू नयेत. ती देवाने दिलेली गोधडी आहे. घरीही दर आठवड्याला आंघोळ घालण्याची गरज नाही. कोरडा कंगवा फिरवला तरी पुरे.

थंडीत कुत्री एकमेकांना चिकटून झोपतात आणि लूत पसरते. केस गळतात, कातडी जाड आणि खवलेदार होते, कुत्रा रात्रंदिवस खाजवतो. यावर आपल्याकडे एक भयंकर उपाय आहे. गॅरेजमधून गाडीचे जळके ऑइल आणायचे आणि कुत्र्याला चोपडायचे. त्या तेलात धातूंचे विषारी अंश असतात. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जाते. कातडी भाजते, केसांची ऊब जाते आणि आधीच अशक्त झालेले जनावर गारठून मरते. लूत झालेल्या कुत्र्याला पशुवैद्यकाने दिलेली औषधे लागू पडतात आणि केस पुन्हा येतात. तेव्हा गॅरेजवाल्यांनी या कामासाठी ऑइल देऊ नये. तसेच कृषी केंद्रवाल्यांनी पिकांवर फवारायचे औषध "गोचिडांसाठी थोडे" म्हणून सुट्टे देऊ नये. कुत्र्याची लूत माणसाच्या अंगालाही काही दिवस खाज आणते. घरात दोघे-तिघे खाजवत माझ्याकडे आले की मी कुत्र्याचीही चौकशी करतो.

सिगडी : माणसाचा आणि पाखराचा एकच शत्रू

आपला जिल्हा कोळशाचा. हिवाळ्यात कोळशाची सिगडी पेटवून दार-खिडक्या लावून झोपणारी घरे आहेत, आणि रात्री पिंजऱ्यांजवळ सिगडी ठेवून शटर ओढणारे दुकानदारही असतात. हेतू चांगला, परिणाम प्राणघातक. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातो.

पाखरांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांना हा वायू माणसाच्या आधी बाधतो. हाच गुण ओळखून हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची शिफारस केली. पाखरू दांडीवरून पडले की खाणकामगार बाहेर पळत. इंग्लंडच्या खाणींतून हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले. आपल्या घरात सिगडीजवळचे पाखरू मलूल दिसले तर तो तुमच्यासाठीही इशारा समजा. आधी दार उघडा.

ऊब द्यायची तर पिंजऱ्याला तीन बाजूंनी जाड कापड लावावे, एक बाजू हवेला मोकळी ठेवावी. पिलांच्या खोक्यावर पिवळा बल्ब असा टांगावा की एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्या कोपऱ्यात गारवा राहील. पिलू आपली जागा आपणच निवडते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवावी, उघडी ठेवल्यास कातडी भाजते. कुत्र्याला थंड फरशीवर न झोपवता बाजेवर किंवा पाटावर गोणपाट टाकून द्यावे. मासे विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की शोभेचे बहुतेक मासे उष्ण प्रदेशातले असतात आणि त्यांना साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. रात्री पाणी गार झाले की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येणारा रोग पसरतो. मासे विकताना हीटर आणि थर्मामीटर यांविषयी दोन शब्द सांगणे हे विक्रेत्याचे काम आहे. आणि एक कायद्याची गोष्ट : आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे किंवा विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. थंडी असो वा उन्हाळा, त्याची जागा झाडावर.

हिवाळ्याचा खाऊ

थंडीत बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला थोडे अधिक अन्न लागते, हे खरे. पण घरात डिंकाचे-मेथीचे लाडू होतात, त्यांत मनुका असतात. द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. कोणत्या कुत्र्याला किती मनुका बाधतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. रस्सा-भाजीत पोळी कुस्करून घालण्याऐवजी बिनकांद्याचा भात, उकडलेले अंडे, भाकरी द्यावी. पाणी थंडगार नसावे, पण सतत समोर असावे. थंडीत जनावर कमी पाणी पिते, त्यामुळे मांजरांना लघवी अडण्याचा त्रास होतो. नर मांजर वारंवार बसते आणि लघवी होत नाही असे दिसले, तर ती तातडीची अवस्था समजावी.

ज्यात तडजोड नाही असा विषय

डॉक्टर म्हणून माझा खरा आग्रह रेबीजच्या लसीचा आहे. थंडीत गल्लीत पिले जन्मतात, मुले त्यांना उचलून घरात आणतात. पिलू चावते, ओरखडते. आई-वडील म्हणतात, "लहान पिलू आहे, त्याचे काय होते?" लहान पिलालाही रेबीज होतो आणि तो त्याच्याकडून माणसाला होतो. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगावर उपचार नाही. आणि चावल्याबरोबर योग्य उपचार केले तर तो टाळता येतो. १८८५ सालच्या जुलैत पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून जगाला हे माहीत आहे. तरीही आपल्या देशात या रोगाने आजही माणसे मरतात, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी असते. त्याहून लाजिरवाणे काय असावे?

चावल्यास काय करावे ते पाठ करून ठेवा. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. लगेच सरकारी रुग्णालयात जावे. त्वचेत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी, एकही फेरी चुकवू नये. रक्त आले असेल तर जखमेत सिरम टोचावे लागते, त्याविषयी डॉक्टरला स्वतः विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण लसीसाठी ते दहा दिवस थांबू नये.

आणि पाळलेल्या कुत्र्या-मांजराला वयाच्या तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दुसरी मात्रा, मग दरवर्षी. कुत्र्याचा पट्टा, साखळी, खाद्य विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला "लस झाली का?" एवढे विचारले तर सगळ्या गावाचे भले होईल. जमल्यास दुकानदारांनी मिळून हिवाळ्यातल्या एखाद्या बाजाराच्या दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे आणि लसीकरण ठेवावे. खर्च फार नाही आणि पुण्य मोठे आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

दुकानदारांनी : गोळी देण्यापूर्वी "कोणासाठी?" विचारावे. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये. लसीचे कार्ड द्यावे. पिंजरा हायपोक्लोराइटने धुवावा. बंद दुकानात सिगडी ठेवू नये. पशुवैद्यकाचा पत्ता भिंतीवर लावावा. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली पाहावे, बॉनेटवर दोन थापा माराव्यात. रात्री उबेसाठी कुत्री-मांजरे ट्रकखाली आणि इंजिनाजवळ शिरतात, आणि आपल्या रस्त्यांवर सिमेंटचे ट्रक काही थोडे नाहीत.

मालकांनी : माणसाची गोळी जनावराला देऊ नये. पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा : हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा तपकिरी होणे, रक्ताची शी, झटके, लघवी अडणे, दिवसभर काही न खाणारे पिलू, हाताला गार लागणारे पिलू.

ती शेजारची मुलगी आता मोठी झाली आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा तिने घरात पुन्हा मांजर पाळल्याचे सांगितले. नंतर हसून म्हणाली, "काका, याला सर्दी झाली की मी तुम्हाला नाही विचारत हं. जनावरांच्या डॉक्टरकडे नेते." मी म्हटले, "बरोबर करतेस बाई." वाचकहो, तुम्हीही तसेच करावे, यासाठी हा लेख.